हत्ती कुठे उभा करायचा?

(दृश्य : बुद्धिबळाचा रिकामा पट. कोपऱ्यात एकटा पांढरा हत्ती.)

रिकाम्या पटावर हत्ती कोपऱ्यात ठेवा नाहीतर मधोमध, त्याच्या माऱ्यात १४ घरं येतात. घोड्याचं तसं नाही. कोपऱ्यात त्याला दोनच घरं, मध्यावर आठ. वजिराचा माराही मध्यावर वाढतो. जागेचं सोयरसुतक नसलेला हत्ती एकटाच. मग डावाच्या सुरुवातीला याच मोहऱ्यापाशी खेळाडू का अडखळतो?

(दृश्य : एकेक करून सगळी मोहरी मांडली जातात.)

पुढ्यात स्वतःचंच प्यादं, शेजारी स्वतःचाच घोडा. हत्तीची वाट आपल्याच माणसांनी अडवलेली. म्हणून घोडे आणि उंट आधी निघतात, कॅसलिंग होतं (एकाच खेळीत राजा दोन घरं बाजूला, हत्ती त्याच्या पलीकडे), आणि मग प्रश्न उरतो : 'एफ'वरचा हत्ती सरकवू की 'ए'वरचा? (उभ्या पट्ट्यांना ए ते एच अक्षरं, आडव्या ओळींना १ ते ८ आकडे.) 'दुसरा हत्ती हलवायला हवा होता' ही हळहळ ग्रँडमास्टरांनाही चुकलेली नाही.

नवशिक्यांना सांगतात, दोन्ही हत्ती डी१ आणि ई१वर आणा. सल्ला वाईट नाही, पण अर्धाच आहे. हत्तीची जागा ठरवतात ती प्यादी.

(दृश्य : ऑपेरागृहातला मंद उजेड. पट.)

पॅरिस, १८५८. अमेरिकन खेळाडू पॉल मॉर्फी एकटा. समोर ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इसुआर, दोघं मिळून. पाच खेळ्यांतच 'डी' पट्टीतली प्यादी साफ झाली होती. बाराव्या खेळीला मॉर्फीने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं. राजा बाजूला झाला आणि त्याच खेळीत हत्ती थेट मोकळ्या पट्टीत. पुढच्याच खेळीला या हत्तीने डी७वरचा घोडा मारला आणि स्वतःही मेला. त्याच्या जागी एच१वरून दुसरा आला. वजिराचा बळी देऊन सतराव्या खेळीला डी८वर मात केली ती या दुसऱ्या हत्तीने. काळ्याचा एच८वरचा हत्ती तोवर जागचा हललाही नव्हता.

अशी आयती पट्टी रोज मिळत नाही. एरवी कोणती उघडेल, हे ताडावं लागतं. सिसिलियन नावाच्या सुरुवातीत काळ्याचं 'सी' प्यादं बहुधा पांढऱ्याच्या 'डी' प्याद्याच्या बदल्यात जातं, म्हणून काळ्याचा हत्ती सी८वर येतो. रुय लोपेझ या दुसऱ्या सुरुवातीत पांढरा हत्ती एफ१वरून ई१वर, एकच घर सरकतो. ई४च्या प्याद्याला आधार मिळतो, आणि मोकळ्या झालेल्या एफ१वरून घोडा डी२, एफ१, जी३ अशी लांबची वाट धरतो. किंमतही आहे : एफ२चं प्यादं आता राजाच्या भरवशावर.

बुद्धिबळपटू आरॉन निम्झोविच तर हत्तीला बंद पट्टीतही उभा करी, स्वतःच्याच प्याद्यामागे. पाहणाऱ्याला वाटे, वेळ वाया घालवला. पण प्रतिस्पर्ध्याने ती पट्टी फोडायची म्हटली, की हत्ती आधीच तिथे हजर. अशा खेळीला त्याने 'गूढ' म्हटलं.

आणि कधीकधी हत्ती हलवायचाच नसतो. काळ्याने राजा आडोशाला नेलाय, जी६वर प्यादं आहे. पांढरा कॅसलिंग करत नाही. 'एच' प्यादं चौथ्या घरात, मग पाचव्या. जी६वर मारामारी होते.

(दृश्य : 'एच' पट्टी मोकळी. कॅमेरा एच१च्या हत्तीमागून काळ्या राजाकडे.)