मातिल्दा कास्त्रेन आणि खेळायचा परवाना

मंडळी, नमस्कार. गोल्फवर व्याख्यान ठेवलं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील, अशी संयोजकांना धास्ती होती. तसं काही झालेलं दिसत नाही, तेव्हा प्रस्तावना बाजूला ठेवून थेट विषयाला हात घालतो.

७ ऑगस्ट २०२१. शनिवारची सकाळ. ज्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरलेली नाही, अशी माणसंही त्या दिवशी टोकियो ऑलिंपिकचं गोल्फ बघत बसली होती, कारण अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती. पदक एका फटक्याने हुकलं, चौथा क्रमांक आला. त्याच मैदानावर फिनलंडची एक मुलगी खेळत होती, तिच्याकडे आपलं कुणाचं लक्ष असण्याचं कारणच नव्हतं. मातिल्दा कास्त्रेन. आज तिच्याविषयी बोलायचं, कारण त्या एका वर्षात तिच्या बाबतीत जे घडलं, त्यात व्यावसायिक गोल्फचा सगळा व्यवहार उघडा पडतो.

आधी तो व्यवहार समजून घेऊ. क्रिकेटरला करार असतो, फुटबॉलपटूला क्लबचा पगार असतो. बहुतेक गोल्फरांना यातलं काहीच नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, काठ्यांची पिशवी वाहणारा मदतनीस म्हणजे कॅडी, सगळा खर्च पदरचा. कुणी प्रायोजक मिळाला तर त्याच्या जिवावर. स्पर्धा चार दिवसांची असेल, तर दोन दिवसांनी खालचे खेळाडू गाळतात. त्याला कट म्हणतात. कट चुकला की कमाई बहुतेक शून्य. आणि या सगळ्याच्या आधी मुळात खेळायला मिळालं पाहिजे. त्यासाठी टूरचं, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या स्पर्धांच्या मालिकेचं, कार्ड लागतं. हे कार्ड लोकलच्या पासासारखं आहे: मुदत संपली की तुम्ही कितीही जुने प्रवासी असा, खाली उतरायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. गोल्फरची कारकीर्द मोजताना लोक करंडक मोजतात. मी म्हणतो, आधी कार्डं मोजा.

कास्त्रेनचा जन्म १९९५ चा, हेलसिंकीला खेटून असलेल्या एस्पोचा. फिनलंडची लोकसंख्या साधारण ५५ लाख आणि त्यात गोल्फ खेळणारे दीड लाखाच्या आसपास. बर्फाच्या देशात हे प्रमाण भलतंच आहे! हंगाम ढोबळमानाने मे ते ऑक्टोबर, बाकीचे महिने बंदिस्त हॉलमध्ये जाळीवर फटके मारायचे. उन्हाळ्यात मात्र उत्तरेकडे रात्र होत नाही, त्यामुळे तिथे लोक मध्यरात्रीही खेळतात. तोर्निओ या सरहद्दीवरच्या गावात तर एकच मैदान फिनलंड आणि स्वीडन अशा दोन देशांत पसरलंय, आणि दोन्हीकडच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे. म्हणजे चेंडू मारायचा आज आणि तो पडायचा काल, असंही तिथे होऊ शकतं. असो.

तिच्याआधी वाट पाडणारे होते. लाहतीचा मिक्को इलोनेन २००० साली ब्रिटिश अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकला, २००७ मध्ये पुरुषांच्या युरोपियन टूरवर स्पर्धा जिंकणारा पहिला फिन, म्हणजे फिनलंडचा माणूस, ठरला आणि २०१४ मध्ये वर्ल्ड मॅच प्लेच्या अंतिम सामन्यात त्याने स्वीडनच्या हेन्रिक स्टेन्सनला हरवलं. एस्पोचीच मिनेया ब्लोमक्विस्ट. २००४ मध्ये, १९ व्या वर्षी, सनिंगडेलला महिलांच्या ब्रिटिश ओपनमध्ये तिने एका फेरीत ६२ फटके खेळले. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं, आणि महिलांच्या मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या, स्पर्धेत तोवर इतक्या कमी फटक्यांत कुणीच फेरी संपवली नव्हती. पण अमेरिकेतल्या एलपीजीए या महिलांच्या मुख्य टूरवर फिनलंडच्या कुणालाही जिंकता आलं नव्हतं.

कास्त्रेन शिकायला फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात गेली. तिथून अमेरिकेतच दुय्यम टूर, पात्रता स्पर्धा, असं करत २०२० च्या हंगामापासून मुख्य टूरवर आली. १३ जून २०२१ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या लेक मर्सेड मैदानावर शेवटच्या दिवशी तिने ६५ फटके खेळले आणि मेडिहील स्पर्धा दोन फटक्यांनी जिंकली. एलपीजीएवर स्पर्धा जिंकणारी पहिली फिनिश खेळाडू. आदल्याच दिवशी फिनलंडचा पुरुषांचा फुटबॉल संघ इतिहासात पहिल्यांदा युरो स्पर्धेत उतरला होता आणि डेन्मार्कला हरवून बसला होता. एवढ्याशा देशाला एका शनिवार-रविवारात आणखी किती द्यायचं!

आता गंमत बघा. त्या सप्टेंबरात सोल्हाइम करंडक होता, युरोपच्या महिला विरुद्ध अमेरिकेच्या महिला. अमेरिकेच्या टूरवर जिंकलेली युरोपियन मुलगी संघात हवी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण नियमाप्रमाणे युरोपच्या संघात यायला युरोपच्या महिला टूरचं सदस्यत्व लागतं, आणि ते हिच्याकडे नव्हतं. जगातल्या सगळ्यात अवघड टूरवरचा विजय या खिडकीवर चालत नव्हता.

मग तिने काय केलं? जुलैत ती मायदेशी आली. तुर्कू शहराच्या रुइसालो बेटावर ऑरा गोल्फचं मैदान आहे, तिथे त्याच महिला टूरची स्पर्धा होती. ती जिंकली की सदस्यत्व आपोआप. ती गेली, खेळली आणि जिंकली. माझ्या मते तिच्या वर्षातला हाच सगळ्यात अवघड विजय. लेक मर्सेडला जिंकली नसती तर चांगली खेळली म्हणून लोकांनी पाठ थोपटली असती. तुर्कूला दुसरा क्रमांक आला असता, तर संघाचं दार बंद राहण्याचीच भीती होती. आणि समोर सगळे घरचेच प्रेक्षक.

कर्णधार कॅट्रिओना मॅथ्यूने तिला आपल्या अधिकारात निवडलं. सोल्हाइम खेळणारी ती पहिली फिन. अमेरिकेतल्या टोलेडोचं इन्व्हरनेस मैदान. कोविडच्या निर्बंधांमुळे युरोपातून समर्थक येऊ शकले नव्हते, त्यामुळे आरडाओरडा सगळा अमेरिकेच्या बाजूने. दुहेरीत एक प्रकार असतो, त्यात जोडीने एकच चेंडू आळीपाळीने मारायचा. म्हणजे तुम्ही झुडपात घातलेला चेंडू बाहेर काढायचं काम जोडीदाराचं. नवख्या खेळाडूला त्यात फार अवघडल्यासारखं होतं. तिला जोडीला स्वीडनची ॲना नॉर्डक्विस्ट मिळाली. दोन आठवड्यांपूर्वीच ब्रिटिश ओपन जिंकलेली, अशा वेळी याहून चांगली जोडीदार कोणती?

६ सप्टेंबर, एकेरीचा दिवस. प्रत्येक सामन्याला एक गुण. करंडक आधीपासून युरोपकडे होता, त्यामुळे तो राखायला २८ पैकी १४ गुण पुरे होते. कास्त्रेनसमोर अमेरिकेची लिझेट सालास. इथे एकूण फटके नाही, कुणी किती होल जिंकले ते मोजतात. सामना अठराव्या होलपर्यंत गेला. हिरवळीवर साधारण दहा फुटांचा पट, म्हणजे चेंडू अलगद भोकात ढकलायचा फटका, उरला होता. दहा फूट म्हणजे या टेबलापासून पहिल्या रांगेपर्यंतचं अंतर. बघायला काहीच नाही, पण व्यावसायिकांचेही या अंतरावरून बरेचसे पट चुकतात. तिचा पडला. सामना एका होलने तिचा, युरोपचे १४ गुण पूर्ण. शेवटी निकाल १५-१३ लागला. चारपैकी तीन सामने तिने जिंकले होते.

आता हेही सांगायला हवं, की २०२३ ला स्पेनमध्ये सोल्हाइम झाला तेव्हा बारा जणींच्या संघात तिचं नाव नव्हतं. आधीचा पट कुणाच्या खात्यावर शिल्लक राहत नाही. दर वर्षी नवे गुण, नवी क्रमवारी. दरम्यान पुरुषांत नोकिया गावच्या सामी व्हालिमाकीने नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या पीजीए या पुरुषांच्या टूरवर स्पर्धा जिंकून तीही पाटी कोरी ठेवली नाही. नोकिया हे खरंच गाव आहे, कंपनीला नाव तिथून मिळालंय.

एक चिठ्ठी आलीय: त्या दहा फुटांच्या पटचे तिला किती पैसे मिळाले?

एक पैसाही नाही. सोल्हाइम करंडकाला बक्षिसाची रक्कमच नसते.