पाऊस नाही, तरी लोकल लेट

मुंबईत अकरावीला आर्ट्स घेतलं की कुणीतरी सांगतंच, "लॉजिक घे, स्कोअरिंग आहे." लांबलचक उत्तरं नाहीत, सत्यता-कोष्टक (वाक्य कधी खरं, कधी खोटं याचा तक्ता) जमलं की पैकीच्या पैकी. त्यामुळे कलिनाला, मुंबई विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागात येणाऱ्या काहींना तर्कशास्त्र नवं नसतं. कोष्टकं हात आपोआप भरतो. घोडं अडतं ते त्यांचा अर्थ लावताना.

फळ्यावरचं हे वाक्य पाहा. 'पाऊस पडला तर लोकल लेट होते.' पाऊस पडला, लोकल लेट: वाक्य खरं. पाऊस पडला, लोकल वेळेवर: खोटं. इथवर कुणाची तक्रार नसते. आता तिसरी ओळ. पाऊस नाही, तरी लोकल लेट. कोष्टक म्हणतं, वाक्य खरंच. वर्गात चुळबुळ सुरू होते. वास्तविक कुर्ल्याला गाडी बदलणाऱ्यांना हे आधी पटायला हवं. सिग्नल बिघडतो, ओव्हरहेड वायर तुटते, रविवारी मेगाब्लॉक असतो. त्यानं पावसाबद्दलचं वाक्य खोटं पडत नाही. त्या दिवशी त्याची परीक्षाच झालेली नसते. पाऊस नाही, लोकल वेळेवर: ही चौथी ओळही खरीच.

म्हणूनच उलटं जाता येत नाही. लोकल लेट आहे, म्हणजे पाऊस पडला असणार, असं म्हणायची सोय नाही. तरी आपण म्हणतो. 'अमुक आजारात थकवा येतो. तुम्हाला थकवा येतो?' पुढचं वाक्य, 'म्हणजे तुम्हाला तोच आजार', मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यानं लिहिलेलंच असतं.

नैयायिकांनी, म्हणजे न्याय या प्राचीन भारतीय दर्शनाच्या तर्कपंडितांनी, ही खोड फार पूर्वी पकडली. डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं ठरलेलं उदाहरण. ते उलटं करा: अग्नी आहे, म्हणून धूर असणारच. लगेच समोर ठेवला जातो तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. मग धूर कशानं येतो? सरपण ओलं असलं तर. अशा न सांगितलेल्या अटीला न्यायात 'उपाधी' म्हणतात, आणि ती हुडकून काढणं हे कोष्टक भरण्याहून कितीतरी अवघड काम.

आता स्टेशनबाहेरचं हे क्लासचं होर्डिंग. टॉपरांचे फोटो, खाली दावा: आमच्याकडे आले, म्हणून पहिले आले. इथलं ओलं सरपण कुठलं? प्रवेश देताना क्लासनं चाचणी घेऊन हुशार पोरं निवडली होती का? आणि त्याच बाकांवर बसून नापास झालेल्यांचे फोटो कुठल्या होर्डिंगवर आहेत?