आत्याबरोबर बाजाराला कोणी जायचे?

अध्यक्षमहाराज, वाचनालयाची कार्यकर्ती मंडळी आणि मित्रहो,

आधी एक खुलासा करतो. बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'नेतृत्व आणि संघबांधणी' असा लिहिलाय. मी कळवला होता तो 'छोट्या पुतळ्यांच्या खेळात एका नेत्याभोवती जिंकणारी फळी कशी बांधावी' असा. फळ्यावर जागा पुरेना म्हणून सेक्रेटरींनी पुतळे छाटले. परिणामी पहिल्या रांगेत पतसंस्थेचे दोन संचालक वही-पेन घेऊन बसलेले दिसतात, आणि मागे ग्रामपंचायतीचे एक माजी पंच आहेत. त्यांची आधीच माफी मागतो. गोव्यात फळी बांधायचा विषय काढला की लोक भलतेच समजतात, हे मला कळायला हवे होते. विधानसभेतला ४० पैकी २१ हा हिशेब आणि पक्षांतराचा दोन तृतीयांशांचा नियम इथे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. माझी माणसे दीड-दोन इंचांची आहेत, प्लॅस्टिकची आहेत, आणि ती पक्ष बदलत नाहीत. म्हणजे बदलतात, पण रंग वाळेपर्यंत थांबावे लागते.

खेळाचे नाव मार्व्हल क्रायसिस प्रोटोकॉल. २०१९ साली अ‍ॅटॉमिक मास गेम्सने तो बाजारात आणला. तीन फूट बाय तीन फुटांचे मैदान, त्यावर छोट्या इमारती, मोटारी, कचऱ्याचे डबे. आपण मार्व्हल कॉमिक्समधल्या दहा पात्रांची यादी घेऊन जायचे. प्रत्येक पात्राला एक किंमत असते, तिला थ्रेट म्हणतात. त्या दिवशी किती थ्रेटचा डाव हे समोर आलेल्या कार्डांवरून ठरते आणि तेवढ्यात बसतील इतकीच पात्रे दहातून उतरवायची. सहा फेऱ्या. मैदानावरच्या जागा धरायच्या, वस्तू उचलायच्या, त्याचे गुण फेरीच्या शेवटी मिळतात. १६ गुण आधी करील तो जिंकला. लक्षात घ्या, समोरच्याला मारून टाकील तो जिंकला असे मी म्हटलेले नाही. माझ्या आयुष्यातले एक वर्ष या एका वाक्यावर गेले आहे, त्याकडे येतोच.

'हे अमेरिकन खूळ तुम्हाला या वयात कुठून लागले?' असे मला विचारतात. खूळ जुनेच आहे. मामा बेळगावला होते. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे गेलो की मातीचा किल्ला करायचा, हळीव पेरायचे, आणि मग चित्रे मांडायची. महाराज सिंहासनावर, ते ठरलेलेच. पण मावळे कुठे उभे करायचे यावरून मामेभावंडांत हातघाई व्हायची. मी सगळे मावळे महाराजांभोवती गोल करून ठेवायचो. मामा येऊन एवढेच विचारायचे, 'दरवाजा कोण बघणार? विहिरीवर कोण?' तेव्हा राग यायचा. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे ते जुने गोल पत्ते, बघितली असेल काहींनी. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२०. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि खाली एक्क्यापासून दश्शीपर्यंतची रयत. त्यातली गंमत अशी की पाच रंगांत दश्शी मोठी आणि उरलेल्या पाचांत क्रम उलटा, तिथे एक्का मोठा. म्हणजे राजा कोणता हे कळल्याशिवाय प्यादे लहान की मोठे ते सांगता येत नाही. माझा आजचा सगळा मुद्दा खरे तर इथेच संपतो. पण तुम्ही चहासाठी थांबलेलेच आहात, तेव्हा पुढे बोलतो.

रंगाचा विषय निघालाच आहे तर एक गाऱ्हाणे. हा खेळ काढणाऱ्यांपैकी कोणी गोव्यात जूनमध्ये राहिलेला नाही. पुतळा रंगवण्यापूर्वी त्यावर प्रायमरचा फवारा मारतात. डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते, दमट हवेत वापरू नये. मग आम्ही केव्हा वापरायचा? ऑक्टोबरात? मी पहिल्या पावसाळ्यात उत्साहाने थोर नावाच्या पुतळ्यावर फवारा मारला. सकाळी बघतो तर अंगावर रवा चिकटल्यासारखा खरखरीत थर. इडलीच होती ती, हातोडा घेतलेली. सुपरग्लूचेही तेच. दमट हवेत तो झटकन धरतो आणि सांध्याभोवती पांढरी वाफ बसते, कोपराला खरूज झाल्यासारखी. मी चाळीस वर्षे पोरांना रसायनशास्त्र शिकवले, तेव्हा हे का होते ते फळ्यावर लिहून देऊ शकतो. थोरला त्याचा उपयोग झाला नाही. आता मी जूनच्या आधी सगळ्यांवर फवारा मारून ठेवतो आणि पावसात फक्त ब्रश चालवतो. कपाटात तांदळाच्या पुरचुंड्या ठेवतो. आमच्या घरी विचारतात, 'तांदूळ माणसांना की ह्यांना?'

तर आत्या.

माझी आत्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. फोंड्याच्या बाजारात मासे विकायला बसणाऱ्या बायकांपैकी निम्म्यांची बाळंतपणे तिच्या हातची. निवृत्त झाल्यावर तिने मासे सोडले, कसलेसे व्रत होते. पण रविवारी बाजाराला ती जायचीच. स्वतः घ्यायची काय, तर कोथिंबिरीची जुडी. तिच्याबरोबर जो जाईल त्याचे मात्र सोने व्हायचे. तुम्ही बांगड्यांच्या वाट्यापुढे उभे राहिलात की आत्या मागून नुसती खाकरायची. मासेवाली वर बघायची आणि हसून वाट्यावर एक बांगडा जास्त ठेवायची. बस्स. आत्या घासाघीस करायची नाही, पिशवी धरायची नाही.

तिचे दोन नियम होते. माणसी एकदाच. तुम्ही बांगडे घेऊन झालात आणि मग सुंगटांपुढे, म्हणजे कोळंबीपुढे, उभे राहिलात तर आत्या दुसरीकडे बघायची. आणि फुकट काही नाही. एखादी बाई प्रेमाने 'राहू दे हो बाय, पैसे नकोत' म्हणाली, तर आत्या रुपया तरी तिच्या हातावर ठेवायला लावायची. म्हणायची, फुकटचे नुस्ते पचत नाही. नुस्ते म्हणजे मासळी.

आता आमच्या वडिलांची चूक ऐका. घरात कार्य होते, मासे भरपूर लागणार होते. वडिलांनी विचार केला, ओझे फार, तेव्हा आत्याबरोबर धडधाकट माणसे द्यावीत. म्हणून थोरले दोन चुलतभाऊ पाठवले. एकेक असा की टोपली उचलून डिचोलीपर्यंत चालत जाईल. ते गेले, दोघांनी दोन वाटे घेतले, दोन बांगडे जास्त मिळाले, आणि घरी आले. काकू कपाळाला हात लावून बसल्या. म्हणाल्या, आम्हा पाच जावांना आणि पोरांना पाठवले असते तर? पोर का असेना, वाट्यापुढे उभे राहिले की आत्या खाकरणारच ना! ओझे वाहायला रिक्षा होती.

मित्रहो, ती आत्या म्हणजे कॅप्टन अमेरिका.

हसा, पण मूळ पेटीतल्या स्टीव्ह रॉजर्सचे, म्हणजे या कॅप्टनचे, कार्ड काढून बघा. थ्रेट चार. त्याच्या नेतृत्वाचा अर्थ एवढाच : आपल्या बाजूच्या प्रत्येक पात्राने एका टर्नमध्ये, म्हणजे कोणत्याही एका पात्राच्या पाळीत, पहिल्यांदा एखादी सुपरपॉवर, म्हणजे कार्डावरची खास करामत, वापरली की तिची किंमत एकाने कमी, पण एकाच्या खाली नाही. ही किंमत थ्रेटमध्ये नाही, पॉवर नावाच्या खेळातल्या पैशांत मोजायची. माणसी एकदा आणि फुकट काही नाही. मी ते वाचले तेव्हा आत्या जाऊन कितीतरी वर्षे झाली होती. मला ती खाकरल्याचा भास झाला.

आणि मी काय केले? वडिलांनी केले तेच. पुण्याला पहिल्या स्पर्धेला गेलो. डाव सतराचा निघाला. मी मनात म्हटले, कॅप्टन आहे, आता त्याला शोभतील असे पैलवान देऊ. हल्क सहा, थोर पाच, कॅप्टन चार, उरलेल्या दोनांत ब्लॅक विडो. चार माणसे. समोर कॉलेजातली एक मुलगी, तिने सहा उतरवली. प्रत्येक पात्राला फेरीत दोन कृती मिळतात. म्हणजे माझ्या आठ, तिच्या बारा. हे मी तेव्हा मोजलेसुद्धा नाही, कारण माझा हल्क तिच्या एकेकाला उचलून आपटत होता आणि मला फार आनंद होत होता. तिसऱ्या फेरीत मी तिची दोन माणसे आडवी केली. गुणफलक बघितला तर ती अकरा, मी चार. ती आपली एकेक जागा धरत होती, वस्तू उचलून मागे सरकत होती. चौथ्या फेरीच्या शेवटी डाव संपला. तिने हात मिळवला आणि विचारले, 'सर, तुम्ही कॅप्टन का घेतला होता?' त्यात कुचेष्टा नव्हती, ती खरेच विचारत होती. मला उत्तर देता आले नाही. परतीच्या बसमध्ये, चोर्ला घाटात, दिले. त्या बसमध्ये ऐकायला कोणी नव्हते.

...चिठ्ठी आली आहे. सात वाजता हॉल नाटकाच्या तालमीला द्यायचाय. दहा मिनिटे. म्हणजे ज्याच्यासाठी बोलावले ते आता दहा मिनिटांत. दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत संगीत मंडळीवर पाच मिनिटे बोलणार होतो. दीनानाथांच्या गळ्याबरोबर चिंतामणराव कोल्हटकरांसारखा गद्य नट लागतोच, असा तो मुद्दा होता. तो गेला. तालीमवाल्यांनी मनावर घेऊ नये.

तर भराभर. नेता निवडलात की तो स्वतः किती जोरात मारतो ते विसरा. तो इतरांना काय देतो, ते एका वाक्यात लिहून काढा आणि ते देणे जास्तीत जास्त वेळा कोण घेईल अशी माणसे शोधा. कॅप्टन सवलत देतो, तेव्हा सारख्या सुपरपॉवर वापरणारी, तीही दोन किमतीच्या, अशी पात्रे हवीत. दोनाची एकाला पडली म्हणजे अर्धी किंमत. चाराची तीनला पडली तर कौतुक, पण थोडेच. आणि नीट ऐका : सवलत टर्नगणिक आहे, त्यात समोरच्याचा टर्नही आला. म्हणून समोरच्याच्या टर्नमध्ये वापरता येणाऱ्या सुपरपॉवर सोन्याच्या. खुद्द कॅप्टनचीच बॉडीगार्ड घ्या. जवळच्या साथीदारावर हल्ला झाला की दोन पॉवर देऊन तो हल्ला स्वतःवर घ्यायचा. सवलतीने एक. मार बसला की जितका मार तितकी पॉवर मिळते, म्हणजे पुढच्या बॉडीगार्डचे पैसे समोरचाच भरतो. वाकांडाची ओकोये दोन थ्रेटला हेच काम करते. ती अ‍ॅव्हेंजर, म्हणजे कॅप्टनच्या गटातली, नाही, तरी घ्या. फळीत निम्म्याहून जास्त अ‍ॅव्हेंजर असले की एखादी पाहुणी चालते. इथे दोन तृतीयांश लागत नाहीत, पंचसाहेब.

मग डोकी. प्रत्येक डोक्याला फेरीच्या सुरुवातीला एक पॉवर मिळते, प्रत्येक डोक्याला वेगळी सवलत. म्हणून सतराच्या डावात माझ्याकडच्या कार्डांप्रमाणे कॅप्टन चार, आयर्न मॅन तीन, हॉकआय तीन, तिनाचा आणखी एक अ‍ॅव्हेंजर, ब्लॅक विडो दोन, ओकोये दोन. सहा डोकी, बारा कृती. काकूंची फौज. यात पैलवान नाही, आणि कोणाला आडवे करायला वेळ लागतो, हे कबूल. फाशांचा भरवसा धरू नका. आठ तोंडांपैकी हल्ल्याला चार लागू पडतात, बचावाला तीन. नुसते उभे राहून मार खाणारा आज ना उद्या पडतोच.

कॅप्टन उभा कुठे करायचा, यावर वाद आहे. सवलतीला अंतर नाही. तो मैदानाच्या पार कोपऱ्यात असला तरी आयर्न मॅनला ती मिळते, म्हणून काहीजण त्याला मागे लपवतात. मला पटत नाही. बॉडीगार्डला अंतर आहे, खेळाच्या मोजपट्टीवर रेंज दोन. मागे ठेवलात तर चार थ्रेट देऊन नुसती खाकरणारी आत्या घेतली असे होते. मी त्याला मधल्या जागेवर ठेवतो, दोन्ही बाजूंना एकेक जण हाताशी. पहिल्यांदा पडला तर कार्ड उलटते आणि पुढच्या फेरीत तो जखमी बाजूने उठतो, तेवढी जोखीम घेतो.

राहिले दहाच्या यादीचे. दहाही जण कॅप्टनसाठी घेऊ नका. डाव वीसचा निघाला तर दोन-दोनची माणसे उतरवून वीस भरत नाही, तेव्हा यादीत एक जड माणूस हवाच. शिवाय दुसरा एखादा नेता ठेवा, कारण काही मैदानांवर सवलतीपेक्षा पाय लागतात. डावपेचांच्या कार्डांवर बोलायचे होते, ते राहिले. चहा घेताना विचारा.

मागच्या टेबलावर मॅट अंथरला आहे. माझी आणि भाच्याची अशा दोन फळ्या आहेत, चौघांना एका वेळी शिकता येईल. संचालकसाहेब, तुम्हीपण या. फासे मोजून दिलेत, मोजून परत घेणार. हल्क मी घरीच ठेवून आलो. थोर आणलाय, नुसता बघायला. त्याला उजव्या कोपराला धरून उचलू नका, तिथे अजून वाफ आहे.