घराचं अंदाजपत्रक: आधी मापं, मग भाव

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी झाली, रब्बीची पेरणी उरकली, की आपल्या मराठवाड्यात बांधकामांची गडबड सुरू होते. पहिला प्रश्न ठरलेला: "चौरस फुटाला काय भाव चाललाय?" मिस्त्री एक आकडा सांगतो, आपण तो हजार फुटांनी गुणतो आणि तेवढ्यावर कर्जाचा अर्जही जातो. माझी कळकळीची विनंती आहे, एवढ्या भांडवलावर कुदळ मारू नका. त्या दरात काय धरलंय, हे बहुतेक वेळा कुणी लिहूनच घेतलेलं नसतं. बोअर, पाण्याची टाकी, शोषखड्डा, कंपाउंड, गेट, विजेचं मीटर ही सगळी मंडळी नंतर एकेक करून दारात उभी राहतात. फूट कसले मोजायचे, हाही घोळ असतोच. तुम्ही खोल्या मोजता, ठेकेदार स्लॅब मोजतो, आणि स्लॅबमध्ये जिना, पोर्च, गॅलरी सगळं आलं.

अंदाजपत्रक म्हणजे मुळात मापं. सिमेंटच्या बॅगा किती, लोखंड किती टन, वाळू किती ब्रास. साध्या आरसीसी घराला चौरस फुटामागे ढोबळमानाने ०.४ बॅग सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो लोखंड लागतं. म्हणजे हजार फुटांच्या घराला ४०० बॅगा आणि चार टनांच्या आसपास लोखंड. नेमका आकडा इंजिनिअर नकाशावरून काढून देतो. त्याची फी देताना हात आखडता घेऊ नका. मापं एकदा वहीत आली की भाव वरखाली झाला तरी हिशेब आपल्या हातात राहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ज्याच्याकडे बॅगांचा आकडा होता, त्याला आपले किती वाचायला हवेत हे लगेच कळलं. नुसत्या फुटाच्या दराने ठेका दिलेल्याला ठेकेदाराशी बोलायलाही आधार नव्हता.

आता पाया. अंदाज सगळ्यात जास्त फसतो तो इथे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या भिंतीला तडे जातात. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम चार फुटांवर लागेल की नऊ, हे जागेवर खड्डा घेतल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. शेजाऱ्याला पाच फुटांवर लागला म्हणून आपल्यालाही लागेल, हे गृहीत धरू नका. एखाद्या कोपऱ्यात जुना आड बुजवलेला निघतो आणि तिथलं एक फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, इतरांपेक्षा कितीतरी खोल जातं. खोली वाढली की खोदाई, कॉलमचं लोखंड, काँक्रीट, भरावाचा मुरूम, सगळंच वाढतं. अंदाजपत्रक करण्याआधी प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत खड्डे घ्या. त्याला जो खर्च येईल तो आनंदाने करा.

माल उतरताना घरातलं कुणीतरी टेप घेऊन उभं राहिलं पाहिजे. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद असेल, तर वाळू २० इंच उंच भरलेली हवी, तेव्हा ब्रास पुरा होतो. वाळू ओलसर असेल तर ती फुगते. बारीक वाळूत ही फूग पाव हिश्श्याहूनही जास्त असू शकते. पैसे आपण वाळूचे देतो आणि भरते नुसती जागा, तेव्हा कोरडी वाळू मागा. लोखंडाचं गणितही सोपं आहे. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साडेदहा किलोच्या थोडी वर भरते. सळया मोजा, गुणा आणि काट्याच्या पावतीशी ताडून बघा.

खर्च कमी करायचाच असेल तर फरशीत करा, दारांच्या नक्षीत करा, पीओपी दोन वर्षांनी करा. कॉलमच्या रिंगा, सिमेंटचं प्रमाण आणि काँक्रीटवर पाणी मारणं यांत मात्र एक रुपयाही वाचवू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट आपण विसरलेलो नाही. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या.

शेवटी पैशाची वेळ. बँक कर्ज एकदम देत नाही. जोतं झालं, स्लॅब पडला, अशा टप्प्यांनी, तेही काम झाल्यावर, देते. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ९० टक्के रक्कम मिळू शकते, बाकीची आपली. आणि बँका सहसा आपला वाटा आधी घालायला लावतात. म्हणजे पायाचा खर्च बहुधा खिशातून जाणार. कोणत्या टप्प्याला किती मिळेल, हे शाखेतून लेखी घ्या आणि वहीत मापांच्या शेजारी मांडा. एकूण रकमेच्या दहा टक्के वेगळे काढा आणि स्लॅब पडेपर्यंत त्यांना हात लावू नका. एवढी तजवीज झाली की मगच भूमिपूजनाची तारीख काढा.

नमस्कार.