गॅलरीत गेलेला फळा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिकेने केलेले भाषण, किंचित संपादित करून.)

श्रोतेहो,

तास संपायला पाच मिनिटं असतात. फळा भरलेला असतो. मी डस्टर उचलते आणि मागून आवाज येतो, "मॅडम, पुसू नका, एक मिनिट!" पूर्वी हे ऐकलं की समजायचं, कुणाचं तरी उतरवून व्हायचंय. आता वीस-पंचवीस हात वर जातात आणि प्रत्येक हातात मोबाइल असतो. दहा सेकंदांत काम आटपतं, वर्ग रिकामा होतो.

गेल्या वर्षी एस.वाय.ची एक मुलगी शंका विचारायला आली. विषय किरचॉफच्या नियमांचा, म्हणजे सर्किटमध्ये करंट कसा वाटला जातो त्याचा. "मॅडम, तुम्ही फळ्यावर केलेलं गणित माझ्याकडे आहे," म्हणून तिने मोबाइल काढला आणि गॅलरी सरकवायला लागली. बहिणीच्या हळदीचे फोटो, गॅदरिंगचे फोटो, मध्येच माझा फळा, मग केमिस्ट्रीचा फळा, पुन्हा हळद. बराच वेळ शोधल्यावर हवा तो फळा सापडला. त्याच्या उजव्या कोपऱ्यावर खिडकीतला उजेड पडला होता आणि लूपची दिशा दाखवणारा बाण नेमका त्या उजेडात गेला होता. मी विचारलं, "काढल्यापासून हा फोटो कधी उघडलास?" ती म्हणाली, "आत्ताच, मॅडम."

ही मुलगी आळशी नाही. सकाळची पहिली एसटी पकडून येते, तास बुडवत नाही. तिला मनापासून वाटत होतं की हे गणित आपल्याजवळ आहे. मोबाइलमध्ये ते होतंच. तिच्याजवळ मात्र आलेलं नव्हतं. आज मला या अंतराबद्दल बोलायचं आहे.

लिंडा हेन्केल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2014 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना एका संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या बघायच्या, काहींचा फोटो काढायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा नुसत्या बघितलेल्या वस्तू जास्त आठवल्या, फोटो काढलेल्या कमी. पण ज्यांना वस्तूचा एखादा भाग झूम करून टिपायला सांगितलं होतं, त्यांची आठवण तशी घसरली नाही. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. कॅमेरा तोच, पण झूम करायचं तर कुठे बघायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते डोक्याला करावं लागतं.

आता माझ्याबद्दल. कॉलेजात प्रोजेक्टर आला तेव्हा सगळ्यात आधी स्लाइड्स केल्या त्या मी. रात्र रात्र बसून केल्या. सुबक समीकरणं, रंगीत आकृत्या. त्या वर्षी पोर्शन लवकर संपला आणि मला समाधान वाटलं. मग तोंडी परीक्षेला मुलं समोर बसली. सूत्र सगळ्यांना येत होतं, पण दुसऱ्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर कसं आलो, हे फारसं कुणाला सांगता येईना. दोष माझा होता. फळ्यावर गणित हाताच्या वेगाने वाढतं. मी अडखळते, चिन्ह चुकतं, पहिल्या बाकावरचं कुणीतरी म्हणतं, "मॅडम, मायनस राहिला." त्या 'मायनस राहिला'मध्ये आख्खा वर्ग जागा होतो. स्लाइडवर गणित आधीच झालेलं असतं, तिथे मुलांना करायला काही उरत नाही. आता सिद्धता मी फळ्यावरच करते. स्लाइड वापरते ती फळ्यावर काढता येत नाही अशा गोष्टींसाठी, उदाहरणार्थ तरंगांचं अध्यारोपण, म्हणजे दोन तरंग एकमेकांत मिसळणं, हलताना दाखवायचं असेल तेव्हा.

"मग मोबाइलवर बंदी घाला," असं पालक म्हणतात. त्यांची काळजी खोटी नाही. कॅनडात 2013 साली एक प्रयोग झाला. हवामानशास्त्रावरचं व्याख्यान चालू असताना काही विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर मधूनमधून दुसरी कामं करायला सांगितली. त्यांचे गुण सुमारे 11 टक्के कमी आले, हे अपेक्षितच होतं. दुसऱ्या प्रयोगात वही-पेन घेऊन बसलेल्या मुलांना असे लॅपटॉप नजरेत येतील तिथे बसवलं, तर त्यांचे गुण सुमारे 17 टक्क्यांनी घसरले. शेजारच्या बाकावरची रील आपली एकाग्रता खाते. म्हणून वर्गात मोबाइल उघडणं हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न आहे, हे मला मान्य नाही.

पण याच विषयातला एक दाखला फार ताणला जातो. 2014 सालीच अमेरिकेत एक अभ्यास झाला. लॅपटॉपवर नोंदी घेणारी मुलं वक्त्याचे शब्द जसेच्या तसे टाइप करतात, हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसल्याने ती निवडून लिहितात, आणि संकल्पनांच्या प्रश्नांत हाताने लिहिणारी पुढे राहतात, असं त्यात दिसलं. सगळीकडे गाजला तो. पुढे 2021 मध्ये टफ्ट्स विद्यापीठात तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा जसंच्या तसं टाइप करणं दिसलं, गुणांतला फरक मात्र ठामपणे दिसला नाही. तेव्हा पेनात जादू आहे असं मी मुलांना सांगत नाही. पेनाने शब्दन् शब्द उतरवणारी वहीसुद्धा मी अठ्ठावीस वर्षं बघते आहे.

मग फरक कशाने पडतो? वर्गात जे काम मुलाच्या डोक्याने करायचं, ते यंत्राने करून टाकलं की मूल रिकाम्या हाताने घरी जातं. आणि यंत्राने मुलाच्या डोक्याला काम लावलं, तर तेच यंत्र सोन्यासारखं आहे. याचं एक उदाहरण जरा सावकाश सांगते.

एक बॅटरी, एक बल्ब, आणि बल्बच्या दोन्ही बाजूंना एकेक ॲमीटर. कोणता ॲमीटर जास्त प्रवाह दाखवेल? दरवर्षी निम्म्याहून जास्त वर्ग म्हणतो, "बल्बच्या आधीचा. बल्बने करंट वापरला ना!" बारावीला चांगले गुण मिळवलेली मुलंही हेच म्हणतात. मी कितीही वेळा सांगितलं की खर्च होते ती ऊर्जा, प्रवाह नाही, तरी मुलं मान डोलावतात आणि मनातलं मनातच ठेवतात.

कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' नावाचा प्रकल्प आहे. नोबेल मिळवलेल्या कार्ल वीमन यांनी 2002 साली तो सुरू केला. त्यातली सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करायचे प्रयोग, फुकट आहेत, मोबाइलवर चालतात, मराठीतही आहेत. त्यात हेच सर्किट बोटाने जोडता येतं. माझी अट एकच. आधी वहीत उत्तर लिहायचं, कारणासकट, पेनाने. मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं. मग स्विच लावायचा. हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात ही शेजाऱ्याशी वाद घालण्याची पद्धत रुळवली. पुढे त्यासाठी बटण दाबून उत्तर द्यायची क्लिकर नावाची यंत्रं आली, आमच्याकडे उत्तर दाखवायला पुठ्ठ्याचे अ, ब, क आहेत. वर्गात अक्षरशः भांडणं होतात. मग स्विच लागतो, दोन्ही ॲमीटर एकच आकडा दाखवतात आणि वर्ग क्षणभर गप्प होतो. या गप्प होण्यासाठी मी कितीही डेटा खर्च करायला तयार आहे.

यानंतर मी त्यांना प्रयोगशाळेत नेतेच. सिम्युलेशनमध्ये क्रोकोडाइल क्लिप गंजत नाही, वायर सैल होत नाही. खऱ्या टेबलावर काटा थरथरतो, शून्यावर उभा राहत नाही, आणि ही चूक आपली की उपकरणाची, हे शोधावं लागतं. सिम्युलेशन आहे म्हणून प्रयोगशाळेचं बजेट कापणाऱ्यांना माझा विरोध आहे, आणि तो मी प्रत्येक बैठकीत नोंदवते.

फोटोंवर बंदी मी घातली नाही. तासाची शेवटची सात मिनिटं मात्र बदलली. फळा झाकते, वह्या मिटायला सांगते आणि म्हणते, आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर मांडा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग याच्या मागे आहे. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्याने त्यातलं 42 टक्के आठवलं, आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. गंमत अशी की पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. म्हणून तर वाचलं की आल्यासारखं वाटतं. मुलं सुरुवातीला कुरकुरली. आता फळ्याचा फोटो काढतात ते कागद भरल्यावर, आणि जे आठवलं नाही तेवढ्याच भागाचा.

शेवटी ज्यांना तासाला येताच येत नाही त्यांच्याबद्दल. एमआयडीसीत रात्रपाळी करणारा एक विद्यार्थी आहे. सकाळी सातला सुटतो, पहिला तास आठचा. त्याला 'मोबाइल वाईट' हे भाषण मी कोणत्या तोंडाने देऊ? त्याच्यासाठी मी तास रेकॉर्ड करते. पण सलग नाही. दर काही मिनिटांनी थांबते आणि म्हणते, "इथे व्हिडिओ बंद कर, आकृती काढ, मला पाठव."

परवा त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. आकृती नेटकी होती, पण ॲमीटर त्याने बल्बला समांतर, म्हणजे बल्बला वळसा घालणाऱ्या वेगळ्या वाटेवर, जोडला होता. मी चूक सांगितली नाही. एवढंच लिहिलं, "आता बल्ब लागेल का?" पहाटे चारला, बहुधा चहाच्या सुट्टीत, दुसरा फोटो आला. तेच पान. ॲमीटर खोडून बल्बच्या रांगेत आणलेला, आणि शेजारी बॉलपेनने लिहिलेलं, "नाही लागणार. जवळजवळ सगळा करंट ॲमीटरमधूनच गेला असता."