लघवी सुटते म्हणून पाणी तोडू नका

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय ऐकून कुणी रेडिओचा आवाज बारीक करील, पण करू नका. साठी ओलांडलेल्या बायकांची खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते, त्याबद्दल बोलायचंय. आपल्या सातारा-सांगलीकडं हे दुखणं सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत.

सांगत नाहीत, पण उपाय चालू असतात. जुन्या लुगड्याच्या घड्या आत ठेवायच्या. गडद रंगाचं नेसायचं. कीर्तनाला दाराशी बसायचं. विट्याहून मिरजेला एसटीनं जायचं तर पहाटेपासून पाण्याचा घोट नाही. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला येते. तिथं दर्शन घेऊन कित्येकजणी माघारी फिरतात, पाय धडधाकट असूनही.

घड्यांना माझी हरकत नाही. सुती असाव्यात, ओल्या झाल्या की बदलाव्यात, धुऊन कडक उन्हात वाळवाव्यात. आडोशाला, सावलीत लपवून वाळवू नका. माझं भांडण आहे ते पाणी तोडण्याशी. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, पिशवीला टोचते आणि घाई उलट वाढते. शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं, जळजळ मागं लागते. आणि पाणी तोडणाऱ्या बायका चहा मात्र सोडत नाहीत! चहानंही घाई वाढते. दिवसा पाणी पोटभर प्या, झोपायच्या आधी दोनेक तास कमी करा.

हे होतं कशानं? ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती लघवीची पिशवी तोलून धरते. बाळंतपणं, डोक्यावरचे वैरणीचे भारे, चुलीच्या धुराचा जुना खोकला, पाळी गेल्यावरचा बदल, यांनी ती सैल पडते. पण सैल पडलेली झोळी पुन्हा आवळता येते. केगल नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ साली त्याचा व्यायाम मांडला. फुकटचा आहे, शेंगा फोडता फोडताही होतो.

वारा सरू नये म्हणून जो भाग आपण आवळतो, तोच आत ओढायचा. पोट, मांड्या ढिल्या. श्वास कोंडायचा नाही. मनात पाच मोजायचे, सोडायचं, पुन्हा पाच मोजेपर्यंत थांबायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. आठवड्यात गुण आला नाही म्हणून सोडू नका. लघवी करताना मात्र हा व्यायाम नको. पुढं खोकला आला की आधी आवळा, मग खोका.

काहींना जोराची लागते आणि मोरी गाठेपर्यंत दम निघत नाही. त्यांनी लागली की दहा मिनिटं थांबायची सवय लावावी, मग हळूहळू वेळ वाढवावी.

साखर असेल, अंग बाहेर येत असेल, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. अंग बाहेर येण्यावर रिंग बसवता येते, दर वेळी ऑपरेशन लागतंच असं नाही. लघवीतून रक्त गेलं, थंडीताप आला, तर त्याच दिवशी जा. बीपीच्या गोळीनं लघवी वाढते म्हणून ती परस्पर बंद करू नका, घ्यायची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्या.

आणि ऐकणाऱ्या मुलांनो, रात्री घाईनं उठलेली आई अंधारात पडते आणि खुब्याचं हाड मोडतं. संडासाच्या वाटेवर दिवा लावा, धरायला दांडी बसवा. तिनं मागायची वाट बघू नका, ती मागणार नाही.