पोर, कुत्रं आणि काठी

(कोल्हापुरातल्या एका पेठेतील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलंच, मी चौतीस वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. सरकारी भाषेत पशुधन विकास अधिकारी. पन्हाळा, शाहूवाडी, शिरोळ, बदली होईल तिथं. म्हशीवर बोला म्हणाला असता तर मी दोन तास हललो नसतो. पण मंडळाच्या पोरांनी विषय काढला तो असा : मुलाला वाचवायला लाडक्या कुत्र्यावर हात उचलाल का? मी म्हटलं, अरे, यात बोलायचं काय? उत्तर एका शब्दाचं आहे. तर म्हणाले, "सर, मग त्यावर तासभर बोलून दाखवा की." कोल्हापूरची पोरं. नाही म्हणायची सोय नाही.

आधी हात वर करा बघू. मूल आणि कुत्रं, दोन्ही तुमचीच, आणि दोघांतलं एकच वाचणार. मुलाला वाचवणार ते हात वर. बघा, सगळे. थांबा, मागच्या कोपऱ्यात आईच्या शेजारी एक छोटी मुलगी बसलीय, तिचा हात खाली आहे. राहू दे. आई, तिचा हात धरून वर करू नका.

ती काही जगावेगळं करत नाहीये. २०२१ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आणि मोठ्या माणसांना चित्रं दाखवून विचारलं, दोन नावा बुडतायत, एकीत माणसं, दुसरीत कुत्री, कुणाला वाचवायचं? नावेत १ माणूस आणि समोर १०० कुत्री असली तरी बहुतेक मोठ्यांनी माणूसच काढला. मुलांचं तसं नव्हतं. कुत्र्यांची संख्या वाढली की पोरं त्या नावेकडं वळत होती, आणि कितीतरी मुलांना एक माणूस आणि एक कुत्रं सारखंच वाटत होतं. म्हणजे गंमत बघा. ज्याच्यासाठी आपण कुत्र्यावर काठी उचलणार, त्या पोराला विचारलं तर ते काठी धरू देईलच असं नाही.

आता हा बुडत्या नावांचा प्रश्न त्यांच्याकडं चित्रातला. आपल्याकडं तो पंचगंगेच्या पाण्यात पडलाय. ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि पाणी गेलं होतं ५५ फुटांच्या वर. प्रयाग चिखली, आंबेवाडी पाण्याखाली. मी निवृत्त झालो होतो, पण जनावरांच्या छावणीवरून हाक आली की जायचो. तिथं एक गडी भेटला. त्यानं सांगितलेलं तसंच सांगतो. स्लॅबवरून माणसं बोटीत उतरवत होते. बोट भरलेली, दोन बायकांच्या मांडीवर तान्ही पोरं. यानं आपला नऊ वर्षांचा मुलगा बोटीत ठेवला, आणि त्याच्या मागून घरच्या कुत्र्यानं उडी टाकायला अंग आवळलं. बोट कलंडली असती. यानं कुत्र्याच्या छातीत लाथ घातली.

"डॉक्टर, अकरा वर्सं त्येनं माझी वस्ती राखली," म्हणाला, "आन् म्या त्येला लाथ घातली."

चूक होती का? अजिबात नाही. कुणीही तेच केलं असतं. पण पोरगा दोन दिवस बापाच्या हातचं जेवला नाही. पाणी ओसरल्यावर मला तो गडी परत भेटला. कुत्रं स्लॅबवरच होतं, जिवंत, हाडं निघालेली. मी म्हटलं, बरं झालं की. तर म्हणाला, "बरं झालं खरं. पर मला बघून शेपूट हलवाय लागलं. ते सोसंना."

तुम्हाला सगळ्यांना मुंगसाची गोष्ट ठाऊक आहे. बाई पाण्याला जाते, घरी पाळण्यात बाळ, राखणीला पाळलेलं मुंगूस. साप येतो, मुंगूस त्याला फाडतं, आणि रक्तानं माखलेल्या तोंडानं दारात मालकिणीच्या सामोरं येतं. बाई समजते यानं बाळ खाल्लं. डोक्यावरची घागर त्याच्यावर घालते. आत बघते तर बाळ खेळतंय. अविचार करू नये म्हणून ही गोष्ट आपल्याला शाळेत सांगितली. मला वाटतं आपण त्या बाईवर फार अन्याय केलाय. गोष्ट सांगणाऱ्याकडं अख्खा हिवाळा होता. तिच्याकडं दोन सेकंद होते आणि समोर रक्ताचं तोंड. आत जाऊन बघून यायला हवं होतं, असं म्हणणाऱ्या माणसानं कधी तान्हं मूल सांभाळलेलं नसणार. तिच्या जागी मी असतो तर घागर टाकली असती. का म्हणतो, ते शेवटी येईल.

पण घाईचा दुसराही प्रकार असतो, आणि त्याला मात्र मी माफ करत नाही. शाहूवाडीला असताना सकाळी सकाळी दोघे भाऊ मोटारसायकलवरून आले. मध्ये पोतं, पोत्यात कुत्रं, चारी पाय बांधलेले. थोरल्याच्या मुलीच्या हाताला चावलं होतं. "सायेब, इंजेक्शन द्या आन् संपवा." मी विचारलं, पोरगी कुठाय? "घरात. हळद लावलीया." बघा आता. कुत्र्याला डॉक्टर आणि पोरीला हळद!

पोरीवर एवढी माया, की तिच्यासाठी घरचं कुत्रं मारायला निघाले. त्या मायेत पोरीला दवाखान्यात न्यायचं राहिलं. मी त्यांना तिथंच उभं करून सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही. मग लगेच लस, थांबायचं नाही. दंडात घ्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल, खोल चावा असेल, तर जखमेत आणि जखमेभोवती सीरमही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. आणि कुत्रं? कुत्रं दहा दिवस बांधून ठेवायचं, खायला घालायचं, लक्ष ठेवायचं. पिसाळीचा, म्हणजे रेबीजचा, विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो लक्षणं दिसायच्या थोडेच दिवस आधी. दहा दिवस कुत्रं धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा लाळेत काही नव्हतं असं समजायचं. मारून टाकलंत तर ही खूण गेली. मग मेंदू तपासण्याशिवाय इलाज नाही. त्यासाठी डोकं बर्फात घालून प्रयोगशाळेत पाठवावं लागतं. म्हणजे त्या पोरीच्याच भल्यासाठी ते कुत्रं दहा दिवस जगायला हवं होतं.

जगलं. अकराव्या दिवशी धाकटा भाऊ येऊन सांगून गेला, "ठणठणीत हाय. वर जाड झालंय."

उलटंही पाहिलंय. एका घरी बोलावलं, कुत्र्याच्या घशात हाड अडकलंय म्हणून. जबडा खाली लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, आवाज बदललेला. घरातल्या तिघांनी तोंडात हात घालून हाड शोधलं होतं, त्यात आठ वर्षांचा मुलगाही. हाड नसतंच. ती मुकी पिसाळ, यात कुत्रं अंगावर धावत नाही, जबडा लुळा पडतो. तिथं मी इंजेक्शन भरलं, आणि माझा हात जराही अडला नाही, कारण ते कुत्रं तसंही मरणार होतं, आणि वाईट मरणार होतं. पिसाळीची लक्षणं दिसली की कुत्रं काय, माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. घरातल्या सगळ्यांना लस घ्यायला पाठवलं. मुलानं मला विचारलं, "तुम्ही डॉक्टर हाय न्हवं?" त्यावर मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही.

आता माझ्या घरचं.

आमच्याकडं खंड्या होता. करवानी जातीचा, लांब पाय, निमुळतं तोंड, अंगानं काटकुळा. माझी नात तेव्हा चार वर्षांची. दोघं एका गोणपाटावर दुपारी झोपायचे. लस वेळच्या वेळी, जंताचं औषध वेळच्या वेळी. डॉक्टरच्या घरचं कुत्रं म्हणून गल्लीत नाव. त्या आठवड्यात तो कान झाडत होता. मान वाकडी करून चालायचा. मी पाहिलं. आत सूज असणार, दुखत असणार, हे मला दारातूनच कळत होतं. दिवसभर लोकांची जनावरं बघून आलो होतो. म्हटलं, रविवारी बघू. कानाला लागतोय म्हणून पट्टा तेवढा काढून ठेवला. असे तीन दिवस गेले.

शनिवारी संध्याकाळी नातीनं लाडानं त्याचा तोच कान ओढला.

कुत्रं एकदम चावत नाही, हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. आधी अंग ताठ होतं, तोंड बाजूला फिरवतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, ओठ चाटतं, गुरगुरतं. लोक गुरगुरलं म्हणून मारतात. मारू नका. गुरगुरणं हा निरोप असतो, तो बंद केलात तर पुढच्या वेळी निरोप न देता चावेल. आणि पोरांना चावतं ते बरेचदा तोंडावर, कारण पोराचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं. हे सगळं मला पाठ. चावून धरलं तर पोराला ओढायचं नाही, मांस फाटतं. मागून पट्टा धरायचा, पिळायचा, श्वास अडला की जबडा सुटतो. हेही पाठ. पट्टा खुंटीवर होता, मीच काढलेला.

ती ओरडली, मी अंगणात आलो. त्याचं तोंड तिच्या गालावर. भिंतीला कपडे वाळत घालायची काठी टेकलेली होती, ती कधी हातात आली ते मला कळलं नाही. मी मारली. दोनदा. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी व्यवसायात ओळखायला शिकलो होतो, तो ओळखीचा आवाज आला.

काठी बसली तेव्हा त्यानं गाल सोडला होता की नव्हता? बायको म्हणते, सोडला होता. तो मागं सरकत होता. मुलगा म्हणतो, नव्हता सोडला. मी तिथं सगळ्यात जवळ होतो आणि मला सांगता येत नाही. म्हणून मुंगसाच्या गोष्टीतल्या बाईला मी नावं ठेवत नाही.

गाल धुतला, दवाखान्यात नेलं, सीरम जखमेत भरून मगच सैल टाके घातले, लशी पूर्ण केल्या. आणि खंड्यावर दहा दिवस लक्ष ठेवलं, नियम म्हणजे नियम. माझ्या एका तरुण सहकाऱ्यानं त्याच्या मांडीत सळई घातली. त्याच वेळी कानही धुतला. आत पू होता. बोलला काही नाही, कापूस मला दाखवला फक्त.

इथं बसलेले वकील सांगतील की माझ्यावर गुन्हा नाही. बरोबर. नव्या न्याय संहितेत कलम ३२५ आहे, जनावर मारणं, निकामी करणं हा गुन्हा. आणि कलम १९ आहे, मोठं नुकसान टाळायला, वाईट हेतू नसताना केलेलं नुकसान हा गुन्हा नाही. तेव्हा कायदा जुना होता, पण तरतूद अशीच होती. माझी केस कायद्यानं पाच मिनिटांत सोडली असती. कायदा काठीचं विचारतो. त्या तीन दिवसांचं, खुंटीवरच्या पट्ट्याचं, रविवारचं कुठलं कलम लागतं ते मला सापडलेलं नाही. म्हणून पोरांनो, तुमचा प्रश्न मला जरा उशिराचा वाटतो. हात उचलाल का, असं विचारता. हात उचलतो. प्रत्येकाचा उचलतो. तिथं निवडायला काही उरलेलंच नसतं. मला निवडायला मिळालं होतं ते बुधवारी.

आणि नात? तिसऱ्या दिवशी गालाला पट्टी घेऊन खंड्याच्या गोणपाटावर जाऊन बसली. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, विचारायच्या, काय झालं गं बाळा? आम्हाला वाटायचं म्हणेल, खंड्या चावला. ती म्हणायची, "आजोबांनी खंड्याचा पाय मोडला." प्रत्येकीला हेच. गालाचं कुणी विचारलं तरच गालाचं सांगायची. आता बारावीला आहे, गालावर तांदळाएवढी खूण आहे, तिच्यावरून मैत्रिणींना खंड्याची स्तुती सांगते. माझ्याशी छान आहे. तो विषय मात्र आम्ही दोघांनीही कधी काढलेला नाही. आज इथं येतेस का म्हटलं तर म्हणाली, अभ्यास आहे.

त्या कोपऱ्यातल्या मुलीचा हात अजून खाली आहे. बरोबर आहे बाळ, तुझा हात खालीच असू दे. तुझ्या घरच्यांचे वर आहेत, तेवढं पुरे.

खंड्या पुढं सहा वर्षं जगला. पाय आखूड राहिला, लंगडायचा, पण माझ्या हातून भाकरी खायचा, दारात सामोरा यायचा. फक्त कपडे वाळत घालायला कुणी काठी उचलली की कॉटखाली जाऊन बसायचा, आणि तासभर निघायचा नाही. मग बायकोनं काठी माळ्यावर टाकली आणि वलणीची दोरी हाताला येईल एवढी खाली बांधून घेतली. तो गेला त्यालाही आता काही वर्षं झाली. दोरी अजून तेवढ्याच उंचीवर आहे. उंच पाहुणा आला की अंगणात ओल्या साडीत अडकतो, आणि विचारतो, ही एवढी खाली का बांधलीय?